आक्कानं न दिलेलं मत

बातमी आली तेव्हा मी उद्यमबागेच्या थांब्यावर बसची वाट बघत उभा होतो. भाचीचा फोन. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. बस आली, मी चढलो, आणि वडगावचा माझा रोजचा थांबा मागं पडला तरी बसूनच राहिलो... खिडकीतून सगळं ओळखीचं दिसत होतं, पण उतरायचं कुठं ते सुचत नव्हतं. आता दोन महिने होत आले. दुपारी डोळा लागला की मागाची खटखट ऐकू येते आणि तिच्याआडून आक्का काहीतरी बोलत असते. जागा झाल्यावर कळतं, माग शेजारचा आहे.

आक्का माझी थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पुढं नवरा अकाली गेला तेव्हा घरातल्या दोन मागांवर साड्या विणून तिनं मुलीला शिकवलं. मराठीसाठी निघालेल्या मोर्च्यात ती मला कडेवर घेऊन चालली होती, असं घरात सांगतात. मला मोर्चा आठवत नाही. तिच्या खांद्याला येणारा सुताच्या खळीचा वास मात्र आठवतो.

आमच्या गल्लीत निवडणूक आली की देवळात बैठक बसते आणि घरटी एक कर्ता माणूस भंडारा उचलून शपथ घेतो, या घरातली सगळी मतं आपल्या पक्षाला. इकडं सीमाभागात मराठी माणसाचा पक्ष ही घरातलीच गोष्ट असते, त्यात विचारायचं काय? एका निवडणुकीला महापालिकेचं तिकीट मला मिळालं. आम्ही घरोघर साड्या वाटल्या. विणकरांच्या गल्लीत सुरतेच्या साड्या... आता माझं मलाच हसू येतं, तेव्हा आलं नाही. आक्काच्या घरात कर्ती तीच, म्हणून भंडाऱ्याचं ताट तिच्या दारात गेलं. तिनं चिमूटभर कपाळाला लावला, शपथ घेतली नाही आणि साडी माझ्या हातात परत दिली.

"मोर्च्यात मी चाललोय रं, भाषा माझी बी हाय," ती म्हणाली. "पर मतासाठी जो काय वाटतो त्याला मी मत देत न्हाय, कुठल्या बी पक्षाचा असू दे. तू भाऊ हायस, ताटातलं अर्धं माग, देतो. मत न्हाय."

चारचौघांत तोंडावर सांगितलं, हेच मला झोंबलं. त्या निवडणुकीत मी चांगला सपाटून आपटलो. तिच्या एका मतानं काही होणार नव्हतं, पण नाचता येईना अंगण वाकडं, तसं सगळं खापर मी तिच्यावर फोडलं आणि दोन वर्षं भाऊबीजेला गेलो नाही. तिसऱ्या वर्षी ती ओवाळणीचं ताट पदराखाली झाकून माझ्या दारात उभी. "तू येत न्हाईस, म्हणून मीच आलो." मी पाटावर बसलो. तिनं ओवाळलं, आम्ही जेवलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्यानंतर कितीतरी भाऊबीजा आल्या, पण माफी मागायची राहून गेली. आज मागू, उद्या मागू... आक्का कुठं जातेय, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात पुन्हा मतदान झालं. मी केंद्रावर पक्षाचा एजंट होतो. यादीत आक्काचं नाव तसंच होतं. आदल्या दिवशी आमचा एक कार्यकर्ता हळूच म्हणाला होता, "आक्कांचं मत ह्या खेपेला तरी आपल्याला पडू दे की." मला नाही म्हणता आलं असतं. मी गप्प बसलो.

दहाच्या सुमारास पदर पुढं ओढलेली एक बाई चिठ्ठी घेऊन आली. अधिकाऱ्यानं कानडी वळणानं आक्काचं नाव वाचलं, "सुशीलाबाई." आणि खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, आली... सकाळी सगळ्यांच्या आधी न्हाऊन मत द्यायला येणारी आक्का आज कशी काय उशिरा आली. मी मान वर केली. बाईनं माझ्याकडं बघून नजर खाली वळवली.

"साहेब, ती माझी बहीण," मी उभा राहून म्हणालो. "ती वारली."

तोवर हे मी कुणासमोर तोंडानं उच्चारलं नव्हतं. बाई चिठ्ठी टेबलावर ठेवून निघून गेली. दारात उभा असलेला तोच कार्यकर्ता माझ्याकडं बघत राहिला.

संध्याकाळी देवळापुढून चाललो तर कट्ट्यावरचं कुणी बोललं नाही. सरळ आक्काच्या घरी गेलो. तिच्या खोलीत, तिच्या कॉटच्या कडेला बसलो आणि माफी मागितली. मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं. भाची चहा घेऊन दारापर्यंत आली होती. माझं बोलून होईपर्यंत ती तिथंच थांबली.