पन्नास वर्षांनी दहावा

आत्याचा नवरा एकाहत्तरच्या लढाईवर गेला, तो बेपत्ताच झाला. पेणला दर प्रजासत्ताकदिनी माजी सैनिकांचा सत्कार होतो, त्यात तिलाही शाल-नारळ मिळे. हळदीकुंकवाचं तबक घेऊन फिरणाऱ्या बायका तिच्यापाशी आल्या की घुटमळत. मग ती स्वतःच कपाळ पुढे करी. "लाव गो. मेला असं कुणी सांगितलंय?" मला त्या बायकांचा संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर आत्याच्या हट्टाचाही.

रोह्याला आमच्या शेजारी एक कोकणी मुसलमान चाचा राहतात. त्यांनी तीस वर्षं आखातात क्रेन चालवली. तिकडे जो पाकिस्तानी भेटेल त्याला ते विचारत, तुझ्या घरातलं कुणी एकाहत्तरच्या लढाईत होतं का? आत्याच्या नवऱ्याच्या दंडावर गणपती गोंदवलेला होता, तेवढीच खूण. लोक हसायचे. परत आल्यावरही चाचांनी फोनवरून विचारणं सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या एका जुन्या पाकिस्तानी सोबत्याच्या गावातला म्हातारा सैनिक म्हणाला, हो, हत्तीच्या तोंडाचा देव. त्याला मीच पुरला.

चाचांनी त्याच्याशी आत्याचं व्हिडिओवर बोलणं करून दिलं. मधे बसून ते एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगत होते. आत्याने एकच विचारलं, "तुमी त्याच्यापाशी गेलात तवा जीव होता?"

 होता, म्हातारा म्हणाला. पाणी मागत होता. माझा धाकटा भाऊ सकाळीच मेला होता. पाणी होतं माझ्याकडे, पण मी दिलं नाही.

आत्याने फोन चाचांच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन कुंकू धुतलं.

भटजींनी दर्भाचा पुतळा करून दहन केलं. दहाव्याला भोगावतीच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडांवर कावळे भरपूर होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. भावकीने हात जोडून सगळं कबूल केलं. हिला सांभाळू, घर विकणार नाही. ऊन चढलं. चाचा लांब उभे होते. बायका काठावर जात नाहीत, पण आत्या हट्टाने आली होती, आणि तिच्यासोबत मी. शेवटी ती पुढे झाली.

"त्या माणसावर माझा राग नाय," ती म्हणाली. "जा आता."

तरी नाही शिवला. मग भटजींनी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी सुटल्यासारखी उठली. आत्या बसून राहिली. मी हाताला धरून उठवायला गेले, तर म्हणाली, "त्याला कळलं गो. मी खोटं बोलले."

 माझा तरी राग कुठे गेला होता.

संध्याकाळी चाचा आत्याकडे बसले असतानाच म्हाताऱ्याचा फोन आला. दहाव्याचं आणि कावळ्याचं चाचांनी त्याला आधी समजावलं होतं. तो भीत भीत विचारत होता, पक्षी आला का? चाचा आत्याकडे बघू लागले.

"सांगा त्याला," आत्या म्हणाली, "पिंड ठेवल्याबरोबर शिवला."