वसंतानं विचारलेलं भेव

२०२४ साल, मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा. वसंता गेल्याचा फोन दुपारी आला. आदल्या संध्याकाळीच मी त्याला यवतमाळच्या दवाखान्यात भेटून दिग्रसला परतलो होतो. परतलो ते त्याच्याशी खोटं बोलून...

वसंता शाळेत इंग्रजी शिकवायचा, मी चौथी शिकून जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी बांधायचो. गल्ली एक. रिटायर झाल्यावर त्याला नाद लागला. इंग्रज लोक दचकले, भ्याले की काय काय म्हणतात ते वहीत लिहायचं, अन् समोर आपल्याकडचं. दचकलेला इंग्रज म्हणे कातडीतून बाहेर उडी मारतो, त्याचं काळीज तोंडात येतं, रक्त गार पडतं. एवढं होऊन तो पुन्हा चहा पितो काय, असं मी म्हटलं की हसता हसता वसंताला ठसका लागायचा. मग विचारायचा, "तुले काय होते बाप्पा, भेव वाटलं की?" मला भेव वाटतच नाही, मी म्हणायचो. तो पेन तसाच धरून बसायचा.

त्याला ठाऊक होतं. कापसाच्या गंजीत आग आत धुमसते, वरून दिसत नाही, म्हणून हात खुपसून ऊब पाहायची आमची रीत. तरुणपणी एकदा माझा हात पोळला. कोणाला हाक न मारता मी कापूस उपसत बसलो, आत वारा शिरला अन् गंजी भडकली. सगळे पळाले. मी पाण्याचा पाइप धरून उभा. हा गडी हलला नाही, म्हणून मालकानं पुढं शाल-नारळ दिला. खरं म्हणजे पायच उचलत नव्हते. रस्त्यानं शाळेतून येणारा वसंता आत धावला, तोटी त्यानं फिरवली, आग त्यानं विझवली. अन् जन्मभर हे कोणाला बोलला नाही.

दवाखान्यात त्याचे पाय गार लागले. दुसऱ्या सकाळी ऑपरेशन होतं. म्हणाला, "त्या दिवशी तुले कसं झालतं, सांग ना. मले आता तसंच होऊन राह्यलं."

"मी कोणाच्या बापाले भेत नाही. तूही भेऊ नको."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं... आता कोणतीही भिंत पाहिली की ती पाठमोरी मान दिसते.

फोन आला त्याच संध्याकाळी त्याला स्मशानात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिंगच्या फाटकावर गेलो. गडी चहा पीत होते. आग मी भडकवली, विझवली वसंतानं, शाल मी घेतली, सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "मंग तुम्ही काय करून राह्यलते, आबाजी?"

"भेलतो," मी म्हणालो.