उपासातली कॉफी

नवा शब्द दिसला की त्याचा अर्थ विचारल्याशिवाय राघोत्तमरावांना चैन पडत नसे. मद्रासच्या तारखात्यात सारी नोकरी दुसऱ्यांचे शब्द धाडण्यात गेली, थांबून अर्थ विचारायला सवड कुठली? निवृत्तीनंतर त्यांनी सगळी कसर भरून काढायला घेतली. औषधाची बाटली असो की देवळातला शिलालेख, जाणता माणूस गाठायचा आणि त्याचं डोकं खायचं. बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात ठेवलं, तेव्हा खाटेला टांगलेली पाटीही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. 'निल पर ऑस'.

"लॅटिन आहे," नर्स भवानी म्हणाली. "ऑस म्हणजे तोंड. ऑपरेशन होईपर्यंत तोंडावाटे काही द्यायचं नाही."

रावांना शब्द फार आवडला. "अगे, उद्या एकादशी समज," त्यांनी बायकोला अर्थ सांगून टाकला. बाईंना त्यात काय अवघड होतं? उपासात त्यांचा हात धरणारं घराण्यात कोणी नव्हतं.

पण हे घराणं तंजावरचं. एकादशीला भाताचं शीतही चालायचं नाही, कॉफीला मात्र तिथे कोणी खाण्यात धरलंच नव्हतं. सकाळी राव ट्रिप्लिकेनच्या घरून गरम कॉफी घेऊन आले आणि बाईंनी ती समाधानाने घेतली. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा "उपास आहे," असं त्या खरंच मनापासून म्हणाल्या. भवानीला मात्र वास आला, आणि ऑपरेशन रद्द झालं.

"कॉफी काय जेवण आहे?" राव हुज्जत घालू लागले.

"भूल दिल्यावर पोटातलं वर येतं," भवानी म्हणाली. "फुप्फुसात उतरलं तर माणूस दगावतो."

आपल्या हातांनी आपण काय पाजलं, या विचाराने राव हादरले.

पुढच्या आठवड्यात पाटी पुन्हा लागली. राव रिकाम्या हातांनी आले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. कॅन्टीनमधून कॉफीचा घमघमाट येत होता. त्या दिवशी त्यांनी कोणाला काही विचारलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुपारी बाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याचा सुकलेला चेहरा पाहिला.

"काफी घेतलात?"

"नाही."

"मग जावा, घ्या की."

राव उठले. दारापर्यंत गेले, मागे वळून पाहिलं. पाटी अजून खाटेलाच होती.

"ती निघू दे," ते म्हणाले, आणि परत येऊन बाईंच्या उशाशी बसले.