खिडकीशेजारून उत्तन

"तुम्हाला खिडकी कशाला?" दिल्लीच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने विचारलं. माझी पांढरी काठी त्याने पाहिली होती. मी जन्मापासून अंध आहे.

"मला नाही, मोबाइलला हवीय," मी म्हणालो. तो हसला, पण खिडकी दिली.

ऑफिसचं ट्रेनिंग संपवून मी भाईंदरला घरी परतत होतो. इंटरनेट नसतानाही रस्ते आणि गावं बोलून सांगणारं अ‍ॅप मी आजवर चालतानाच वापरलं होतं. ते विमानात चालेल का, हे मला बघायचं होतं. सगळा नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता. हवाई सुंदरीला विचारलं, तर ती म्हणाली, "फ्लाइट मोडवर ठेवा, काही हरकत नाही."

उपग्रहाचा सिग्नल मिळावा म्हणून मोबाइल काचेला टेकवून बसलो. बराच वेळ अ‍ॅप गप्पच. माझा हात अवघडला. आणि एकदम कानात आवाज आला, "वेग, ताशी सातशे ऐंशी किलोमीटर." मी जागेवरच उडालो! मग एकेक गाव येऊ लागलं. आजवर विमानप्रवास म्हणजे माझ्यासाठी नुसती घरघर आणि कानात दडे. आज पहिल्यांदा मी कुठून तरी कुठे तरी जात होतो.

"काय आयकतंस, बाबा?" शेजारच्या मावशींनी विचारलं. त्या भाईंदरजवळच्या उत्तन गावच्या, लेकीकडे राहून परत निघालेल्या. मी एक इअरफोन त्यांना दिला.

"डहाणू," अ‍ॅप म्हणालं. थोड्या वेळाने, "पालघर."

"खाली तं ढगच हाय नुसता! याला कसा कलतं?"

विमान खाली उतरू लागलं. "वसई." "घोडबंदर, तीन किलोमीटर."

"मावशी, आपला भाग आला, आता उजवीकडे बघा!"

त्या माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकल्या. "ढग सरलं रे! खाडी हाय! पूल हायत, मिठागरा हायत... आन् पार तिकडं दर्या!"

तेवढ्यात अ‍ॅप म्हणालं, "उत्तन, दहा किलोमीटर."

मावशींनी माझा दंड घट्ट धरला. "माजा गाव बोलला!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की पुढच्या रांगेतली माणसं वळली. त्या हसत होत्या, मीही हसत होतो.

"आनी तुजा घर?"

"भाईंदरमध्येच, गोडदेवला. त्या पुलांच्या अलीकडेच."

"थांब, बगते," म्हणत मावशींनी काचेला नाक लावलं.