चिंधाची सव्वा मूठ

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या खानदेशी गल्लीत प्रत्यक्ष यमाला फसवल्याचा मान धुरपदाबाईचा. थोरला सुकदेव जगला, पण त्याच्या पाठचे तिन्ही मुलगे तान्हेपणीच गेले. पाचवा झाला तेव्हा बाई सावध झाली. त्याचं नाव ठेवलं चिंधा, कारण चिंधी कोण चोरून नेणार. नाक टोचून चमकी घातली, अंगात झगा चढवला आणि पाच वर्षं चारचौघांत त्याला पोरगी म्हटलं. यम आला असलाच तर झगा बघून आल्या पावली परत गेला.

यात नवल काहीच नाही. असली नाक टोचलेली पोरं खानदेशात गावोगावी होती. शाळेची वेळ झाली की झगा उतरायचा, पुढे मिशा फुटायच्या आणि तेच पोर सुरतेला येऊन लूमवर आईमाईवरून शिव्या द्यायचं. चिंधाचा झगा उतरला, चमकी मात्र राहिली. ती काढायची म्हटलं की तो जेवायचा नाही. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला.

तिशीतला चिंधा दिवसा बमरोलीला लूम चालवायचा. अंगात बनियन, मानेवर रुळणारे केस आणि नाकात चमकी. लूमचा मालक भाईदास शेठ म्हणायचा, "मने तो कापड जोइए." त्याला कापडाशी मतलब. संध्याकाळी चिंधा ओट्यावर बायकांच्या घोळक्यात बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचा. गड्यांसारखं थुंकायचा, बायांसारखं टोमणे मारायचा, आणि दोन्हीत गल्लीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरं 'बायल्या' म्हणून मागे लागली की तो वळून विचारायचा, "तुझ्या बापाले मिशा कोणी लावल्या रे, टिकलीच्या गोंदानं?"

एकदा वहिनीनं, म्हणजे सुकदेवच्या पुष्पाबाईनं, सरळच विचारलं, "साडी पाहिजे का तुला?"

"नको."

"मग बायको करून देऊ?"

"तीही नको. वहिनी, तुमच्या घरात उंबऱ्याच्या आत नाहीतर बाहेर, एवढंच. मला उंबऱ्यावर बसायला बरं वाटतं."

"उंबऱ्यावर बसू नये, कर्ज होतं," पुष्पाबाई म्हणाली आणि विषय संपला.

गल्लीतले निम्मे गडी डाइंगमध्ये, कापड रंगवायला. गुलाबीतल्या चाळीस गुलाबी त्यांना डोळे मिटून कळायच्या. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे दोनच रंग.

श्रावणात खानदेशची देवी कानबाई यायची. रविवारी नारळाला डोळे, नथ, लुगडं लावून बसवायची आणि सोमवारी बायांनी डोक्यावर घेऊन तापीला न्यायची. लुगडं नेसवायचा चिंधाच, कारण त्याच्यासारख्या निऱ्या कोणालाच जमत नसत. त्या दिवसांत घरात रोट होत, आणि रोटाचा नियम कडक. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू टाकायचे, त्याच पिठाचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच खायचे. बाईच्या नावाची मूठ नसते, ती नवऱ्याच्या मुठीत धरलेली असते. परक्याला तुकडा गेला तर कानबाई कोपते.

त्या वर्षी सुकदेवच्या पोरीचं, धनश्रीचं, लग्न सुरतेजवळच्या सचिन गावात ठरलं होतं. होणारी विहीण शोभाबाई साखरपुड्याला आली आणि चिंधाकडे बघत फार गोड आवाजात म्हणाली, "ह्या कोण?" तेव्हापासून सुकदेवला घास उतरत नव्हता.

गहू मोजायला भाऊबंद जमले. शोभाबाईही मुद्दाम आली होती. सुकदेवनं मूठ भरली. "सुकदेव." मग "वाल्मिक." मग "चेतन." आणि परातीवर फडकं टाकलं. आपल्यानंतर आपली दोन्ही पोरं. मधला चिंधा गाळला.

"भाऊ, मनी मूठ?" चिंधा म्हणाला.

"आधी चमकी काढ."

"दरसाल चमकीसकट टाकतोस."

"दरसाल इहीण नव्हती."

कोणीतरी हसलं. चिंधा परातीपाशी बसला. "अंडोर नको म्हणू, अंडेर नको म्हणू. चिंधा म्हण आणि टाक."

"मुलगा नाही, मुलगी नाही, मग मूठ टाकू कशाची?" सुकदेव म्हणाला आणि कोपऱ्यातल्या म्हातारीकडे वळला. "माय, तूच सांग आते. हाऊ तुना अंडोर शे का अंडेर?"

धुरपदाबाईनं तोंडाला पदर लावला.

"बोल ना व. अंडोर म्हण, आत्ता टाकतो."

"मी नही सांगस."

"का?"

"तो आयकस."

"कोण?"

"तोच. मना तीन लई गया तो."

सगळी खोली हसली. शोभाबाईला ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. बिचारी म्हातारी. तीस वर्षं यमाशी खोटं बोलत राहिली होती, ते आता सव्वा मूठ गव्हासाठी कबूल करायचं, तर पोर जायचं. न करावं, तर पोराची मूठ जायची. तिनं पोर ठेवलं. सुकदेवनं उरलेले गहू परत पोत्यात ओतले.

रविवारी चिंधानं कानबाईला लुगडं नेसवलं. त्यासाठी तो घरचा होता.

सोमवारी बाया निघाल्या तशी त्यानं वहिनीला गाठलं. "गड्यात मी नाही, हे ठरलं ना? मग आज कानबाई माझ्या डोक्यावर द्या."

पुष्पाबाई मनानं वाईट नव्हती. तिनं फार मायेनं समजावलं, "चिंधाभाऊ, कानबाई बायाच उचलतस. तू गडी शे."

"गहू मोजताना नव्हतो."

"तेव्हा रोटाचं होतं," ती म्हणाली, आणि तिच्या मते ते पुरेसं होतं. मग जाता जाता काम सांगून गेली. "रोटाच्या डब्यावर बस. मांजरं फार झालीत."

ज्याला तुकडाही चालत नाही, त्याच्याइतका चोख राखणदार दुसरा कोण. चिंधा डब्याला पाठ लावून बसला. ढोल गल्लीच्या टोकाला गेला, वळला, ऐकू येईनासा झाला. घरात म्हातारी आणि तो, दोघंच.

धुरपदाबाई सरकत सरकत आली. डबा उघडून तिनं एक रोट काढला, अर्धा मोडला आणि त्याच्यापुढे धरला.

"ठेव माय," चिंधा म्हणाला. "परक्याला दिलं तर कोपते ती."

म्हातारीचा हात तसाच राहिला. तिनं दाराकडे पाहिलं, मग वर आढ्याकडे पाहिलं. मग त्याची मान ओढून तिनं कानाला तोंड लावलं आणि काहीतरी म्हणाली. यमाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली.

"काय म्हणलीस माय?" चिंधानं विचारलं. त्यालाही ऐकू आलं नव्हतं.

"काही नही," म्हातारी म्हणाली आणि अर्धा रोट परत डब्यात ठेवून तिनं झाकण लावलं.