बिनदांड्याची मोटार

मी मोटार शिकलो मुंबईत, एका शेटजींच्या गाडीवर. तिला गियरचा दांडा होता. दांडा मधोमध आणला की इंजिन आणि चाकं यांची बोलचाल बंद. मग इंजिन कितीही बोंबलू दे, गाडी जागची हलायची नाही. वेग बदलायचा तर क्लच दाबा, दांडा मधे आणा, क्लच सोडा, इंजिनचा आवाज कानानं जोखा, पुन्हा दाबा, मग दांडा सारा. चुकलात की आतले दात असे करकरायचे की रस्त्यावरची माणसं हसायची. शेटजी मागून खेकसायचे ते वेगळंच. हळूहळू हात बसला आणि मला वाटायला लागलं, मोटार आपल्याला कळली. कसलं काय!

रत्नागिरीला परत येऊन एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. त्यांच्या अमेरिकन मोटारीला गियरचा दांडाच नव्हता. मी सीटखाली वाकून शोधला. "काय हरवलं रे?" म्हणून डॉक्टर हसले. खाली नुसती तीन पेडलं. डावं पुरतं दाबलं की गाडी सावकाश चालते, सोडलं की पळते, अर्ध्यावर धरलं की थांबते. मधलं मागे जायला, उजवं ब्रेकचं. दात जुळवायची भानगड नाही. दातेरी चाकं आत सदाचीच एकमेकांत अडकलेली, कुणाला धरायचं नि कुणाला सोडायचं ते आतले पट्टे बघतात. दांड्याची गाडी सांगितल्याशिवाय काही करत नाही. ही आपल्या मनानं काहीतरी करत असायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, स्पष्ट सांगतो.

पहिल्याच सकाळी पुढे उभा राहून हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि गाडी हळूच पुढे आली. हातब्रेक ओढलेला, म्हणजे इंजिन चाकांपासून सुटलेलं असायला हवं, आणि आत कोणी नाही. माझ्या गुडघ्यांना टेकली आणि ढकलायला लागली. मी मागे सरकलो तशी तीही सरकली. माझी पाचावर धारण बसली. कसाबसा बाजूला उडी मारून मी आत हात घातला आणि इंजिन बंद केलं.

"अरे, रात्रीत तेल गारठून घट्ट होतं," डॉक्टर म्हणाले. "मग आतल्या चकत्या एकमेकींना सोडत नाहीत. गाडी तापल्यावर बघ, येते का." खरंच, दुपारी यायची नाही. रोज सकाळी मात्र यायची. जोरात नाही हो, ओळखीचं माणूस जवळ येतं तशी. माझ्या आधीचा ड्रायव्हर याच सीटवर गेला, हे डॉक्टरांनी मला दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. डॉक्टर रोग्याच्या घरात होते, तो बाहेर गाडीत बसलेला. परत येऊन बघतात तर इंजिन चालू आणि हा संपलेला.

त्याची बायको भाट्याला राहायची. एका सकाळी होडीनं खाडी ओलांडून ती आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहून तिनं सगळा प्रकार पाहिला.

"भाऊ, तो तुमच्यावर नाय येत," ती म्हणाली. "तुमची न् त्याची वळख कुठली? तो मला शोधतोय."

तिच्या समाजात विधवेनं पाट लावायची, म्हणजे दुसरा घरोबा करायची रीत होती. एका होडीवाल्याचं मागणं आलं होतं. माणूस चांगला, दिरांचीही ना नव्हती. तिनं गावदेवीला कौल लावला. गुरवानं देवीच्या अंगावर दोन बाजूंना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. एकही पडलं नाही. आता तिला नवऱ्यालाच विचारायचं होतं. "मी पुढं उभी ऱ्हाते. आला, तर त्याचं नाय म्हणणं हाय. थांबला, तर मी मोकळी."

मी म्हटलं, उद्या ये. बाईचं वय पंचविशीच्या आतलं. घट्ट तेलापायी हिनं जन्मभर एकटं राहायचं? छे! दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गाडी काढली, बंदरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, तेल चांगलं पातळ केलं आणि जागेवर आणून उभी केली.

ती आली. चाकापुढे नारळ ठेवला, रेडिएटरवर तळवा टेकला आणि दचकली. "अंग ऊन हाय," ती म्हणाली. मी मान फिरवली. मग हँडल मारून बाजूला झालो.

गाडी जागच्या जागी थरथरत राहिली. नारळ हलला नाही. सुटली बिचारी, मी मनात म्हटलं. पण बाई निघेना. एक पाऊल पुढे झाली, मग आणखी एक, पदर गाडीला लागेपर्यंत. "ये ना," ती पुटपुटत होती, "येवढा येळ लावतात काय?" खरं सांगून टाकायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही.

"गेला," ती म्हणाली आणि होडीकडे चालू लागली. महिन्याभरात तिचा पाट लागला.

ती येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलाच गारठा होता. हँडल मारलं, इंजिन धडधडलं. गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेल तेच, पट्टे तेच, मी कशालाही हात लावला नव्हता. "बरं झालं, सुधारली," डॉक्टर म्हणाले. मला घास गोड लागेना.

आठवडाभरानं एका सकाळी हँडल मारून मी बाजूला झालोच नाही. रेडिएटरला गुडघे लावून उभा राहिलो. "तिनं नाही रे," मी म्हणालो, "मी घालवलं तुला." किती वेळ उभा होतो कोण जाणे. इंजिन चालू होतं, आणि पुढे कोणी येत नव्हतं.