पेटला, या

हौसा, माझी बायको, रोज सकाळी माझ्या मोटारसायकलच्या मागं येऊन उभी राहायची. डोक्यावर पदर, हात भाकरीच्या पिठानं पांढरे. "दाबा," म्हणायची. मी पायानं ब्रेक दाबायचा. मागचा लाल दिवा लागला की म्हणायची, "पेटला. या." मग मी कुपवाडच्या कारखान्यात कामाला जायचो. चौदा वर्षांत तिनं खाडा केला नाही. तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा चौकट धरून उभी राहिली.

गाडी जुनीच घेतली होती, माझ्या आधी दोघांनी वापरलेली. घरी आणली त्या दिवशी हिनं हळदकुंकू नंतर लावलं. आधी मागं गेली आणि म्हणाली, दाबा. मी हसलो. पण त्याला कारण होतं. तिचं माहेर म्हसवडच्या बाजूचं. थोरला भाऊ दादू गाडीवरनं साताऱ्याला निघाला होता. वाटेत मेंढरं आडवी आली म्हणून त्यानं ब्रेक दाबला. मागचा दिवा बंद होता, मागच्या टेंपोवाल्याला काही कळलंच नाही. हौसा रडायची नाही. एवढंच म्हणायची, "दादू थांबला, पर मागच्याला सांगून थांबला न्हाई."

हेच बोलणं तिनं सगळ्या संसाराला लावलं. मी रागानं ताट सारून उठलो की आडवी यायची. "आवं, दिवा न दाखवता थांबू नगा. काय झालं ते तोंडानं सांगा." शेजारणीनं एकदा बोलणं टाकलं. ही सरळ तिच्या दारात गेली आणि म्हणाली, "थांबायचं व्हतं तर थांब की गं, पर आदी दिवा तरी दाखवायचा. मी येऊन आदळले न्हवं." शेजारीण हसली आणि भांडण तिथंच मिटलं. मला मात्र असं बोलायला कधी जमलं नाही. माझं तोंड फटकळ, चौथी शिकलेल्या माणसाचं.

ब्रेकच्या पायडलजवळ एक बारकी स्प्रिंग असते. पायडल दाबलं की ती ओढली जाते आणि दिवा पेटतो. ती गंजून तुटली. दुकानात जायचा कंटाळा, म्हणून मी लिहायच्या पेनातली स्प्रिंग काढून अडकवली. हौसानं वाकून बघितलं. म्हणाली, ही नाजूक हाय, नवी आणा. मी म्हणालो, पेटतोय ना? मग झालं.

"पेटतोय तवर पेटतोय," ती म्हणाली.

गेल्या पौषात ती डावा हात चोळायला लागली. पहिल्या दिवशी म्हणाली, हात जड झालाय. मी म्हणालो, घागर उचलली असशील. दुसऱ्या दिवशी छातीत जळजळतंय म्हणाली. मी म्हणालो, शेंगदाणे कमी खा. तिसऱ्या दिवशी पीठ अर्धं मळून परातीपाशीच बसून राहिली. मी बाहेर जाऊन वडापाव खाऊन आलो. चौथ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, सांगलीला डॉक्टरकडं न्या.

मी गाडी काढली. चप्पल घालून ती सवयीनं मागं जाऊन उभी राहिली. दाबा म्हणाली, मी दाबला.

"न्हाई पेटला."

आजच्या दिवस राहू दे, म्हणालो. ती ऐकेना. "मागं मी बसणार हाय. मी न्हाई बसायची."

रिक्षा कोपऱ्यावर मिळत होती. हाक मारली असती तर आली असती. पण मला राग आला. दिवा हवाय ना, घे दिवा, म्हणत मी पकड घेऊन खाली बसलो. ती मागं पायरीवर टेकली. पेनातली स्प्रिंग ताणून लोळागोळा झाली होती. तिचं ढिलं टोक तोडलं, उरलेलीला नवा आकडा वळवला, परत अडकवली. दहा मिनिटं गेली असतील. मग गाडीवर बसून ब्रेक दाबला.

"पेटला का गं?"

बोलली नाही. मला वाटलं, रुसली. परत दाबला.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? पेटला का सांग की."

मग मान वळवून बघितलं. भिंतीला टेकून बसली होती. माझा पाय अजून ब्रेकवरच होता. दिवा पेटला होता. त्याचा लाल उजेड तिच्या लुगड्यावर पडला होता.

आता नवी स्प्रिंग बसवली आहे. गाडी भिंतीकडं पाठ करून लावतो आणि ब्रेक दाबतो. भिंत लाल झाली की समजायचं, पेटला. या म्हणायला कोणी नाही.

दहाव्याला तिच्या माहेरची माणसं आली होती. धाकटा भाऊ नदीच्या काठावर माझ्याजवळ बसून म्हणाला, "दाजी, अक्का बी दादूसारखीच गेली. न सांगता." मी मान हलवली. खरं बोलायची हिंमत झाली नाही.

तिनं चार दिवस दिवा दाखवला होता. मागं मी होतो.